प्रवासाचे कारण

संपादकांना 'परदेशी निघालेल्या आईबाबांसाठी दहा सूचना' हव्या होत्या. तसल्या सूचना मी रोज देतो आणि रोज कुणी त्या ऐकत नाही, म्हणून नको म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "मग डोक्यातून न जाणारी एखादी केस लिहा." तशी एक आहे. फाइल बंद होऊन पाच वर्षं झाली, पण मी तिच्यातून सुटलेलो नाही.

पेणला एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीला लावलेलं बाकडं. आखातात निघालेले म्हसळा-श्रीवर्धनकडचे तरुण, गणपतींच्या मागोमाग जाणारे मूर्तिकार आणि लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया याच बाकड्यावर बसतात. मी पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याचे फॉर्म भरतो. लोक मला एजंट म्हणतात. एजंट म्हणजे आत ओळख असलेला माणूस, असा आपल्याकडे पक्का समज आहे. माझी कुठल्याही वकिलातीत ओळख नाही. मला फॉर्म वाचता येतो, एवढंच माझं भांडवल.

2019 च्या दिवाळीनंतर रोहा तालुक्यातलं एक जोडपं आलं. निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि त्यांची पत्नी. आम्ही त्यांना गुरुजी आणि काकू म्हणतो. मुलगा अमेरिकेत. घर स्वाध्यायी. स्वाध्याय चळवळ सुरू करणारे पांडुरंगशास्त्री आठवले 19 ऑक्टोबर 1920 ला रोह्यात जन्मले, त्यामुळे इकडे स्वाध्याय काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. स्वाध्यायातली भक्तिफेरी म्हणजे आपल्या खर्चाने, आपली भाकरी बांधून अनोळखी गावात जायचं, घरोघर बसून दोन शब्द बोलायचे आणि काही न मागता परत यायचं. यजमानाचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा जुना दंडक.

फॉर्म भरताना 'प्रवासाचे कारण' या रकान्याशी आलो. मी म्हटलं, "मुलाकडे निघालात, पर्यटन आणि भेट लिहितो." गुरुजी म्हणाले, "उतरणार मुलाकडे. पण जायचंय भक्तिफेरीला." काकूंनी विचारलं, "फिरायला असं लिहिलंत तर खोटं नाही का हो होणार?"

मी म्हटलं, "काकू, फेरीच ना? फेरी म्हणजे फिरणंच की."

दोघं हसले. माझी कोटी मला तेव्हा फार आवडली होती.

आता थोडं कलमांत शिरतो, कंटाळा आला तर एक परिच्छेद गाळा. अमेरिकेचा बी-2 व्हिसा फिरण्या-भेटण्यासाठी आणि बी-1 कामकाजासाठी. बहुतेकांच्या पासपोर्टवर दोन्ही एकत्रच चिकटवलेले असतात. धर्माच्या कामाला जाणाऱ्यांसाठी वेगळा आर-1 आहे. त्याला त्या पंथाचं किमान दोन वर्षांचं सभासदत्व, आठवड्याला सरासरी किमान वीस तास काम आणि तिथल्या संस्थेचा अर्ज लागतो. पगार न घेणाऱ्या मिशनऱ्यांनाही तो मिळतो, पण पंथाचा तसा रीतसर कार्यक्रम असला तर. शिवाय धर्मप्रसाराचा छोटा दौरा किंवा विनावेतन सेवा बी-1 वर बसू शकते. म्हणजे रकाना नव्हता असं नाही. मी तो शोधायला गेलो नाही. मिशनरी हा शब्द ऐकला की आपल्याला पांढरा झगा आणि धर्मांतरच दिसतं, मलाही तेच दिसलं. मॉर्मन चर्च निवृत्त जोडप्यांना त्यांच्याच खर्चाने परदेशी सेवेला धाडतं. ती आजी-आजोबा मिशनरी, मग आमचे गुरुजी-काकू कोण? बायबल नाही, बाप्तिस्मा नाही, नेमणुकीचं पत्रसुद्धा नाही.

या मातीला ही चालण्याची खोडच असावी. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, शास्त्री रोह्याचे. दोघांनाही सामुदायिक नेतृत्वासाठी मॅगसेसे मिळालं, 1958 आणि 1996 साली. विनोबा 1962 मध्ये पूर्व पाकिस्तानातून पायी गेले. त्यांच्या कागदावर प्रवासाचं कारण काय लिहिलं असेल, याचा मी धंद्याच्या सवयीने फार विचार केला आहे.

गुरुजी-काकू फेब्रुवारी 2020 मध्ये गेले. सामानात वर्षभराची वाटावी एवढी औषधं (खरं तर चारच महिन्यांची) आणि कडव्या वालांची पिशवी. वाल घोषणापत्रात लिहा, असं मी चारदा बजावलं. कोरोनामुळे 22 मार्चला भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली आणि माझ्या फोनला उसंत राहिली नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या भांडणाकडे येतो. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे! व्हिसा हा दारापर्यंत जायचा परवाना. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-94 नावाच्या नोंदीत असते. बी-2 वाल्यांना सहसा सहा महिने मिळतात. शिकलेली मुलंसुद्धा मला ठणकावतात, "काका, व्हिसा 2029 पर्यंत आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही खोडून काढीन. मुदतवाढीसाठी आय-539 भरावा लागतो, तोही आधीची तारीख उलटण्यापूर्वी. नवरा-बायकोचे तेव्हा 370 डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे माणशी 85. एकूण 540. आणि ठसे घेणारी केंद्रं मार्चपासून बंद.

अर्जाबरोबर कारण सांगणारं पत्र जोडतात. रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर मी ते गुरुजींना वाचून दाखवलं. विमानं बंद, वय जास्त, औषधं संपत आलेली. गुरुजी म्हणाले, "सगळं खरं आहे. पण आलो कशाला, ते यात कुठेच नाही."

आले होते ते काम तर होतच नव्हतं. कुणाच्या दारात जायची सोय नाही. मुलाने यादी करून दिली, त्यावरून गुरुजी रोज दोन घरांना फोन करत. काकूंना ते पटेना. "आम्ही कुणाचा चहा घेत नाही," त्या म्हणाल्या, "पण नको म्हणायलासुद्धा कुणी चहा विचारावा लागतो हो."

3 जूनला निसर्ग वादळ आलं. पेणला आमचे पत्रे उडाले, वीज गेली, मोबाइल मुके झाले. गुरुजींच्या घराचं काय झालं ते तिकडे कळायला सहा दिवस लागले. शेजाऱ्याने धाडलेल्या फोटोत पडवीवर एक कौल उरलं नव्हतं. वाशांमधून दिसणारं आभाळ तेवढं निळंशार होतं. काकूंनी विचारलं ते तुळशीचं.

वंदे भारत मोहिमेच्या विमानाने ते सप्टेंबरमध्ये परतले, मुदतवाढीचा निकाल न लागताच. ठसे द्यायला या, असं पत्र नंतर मुलाच्या पत्त्यावर पोचलं. शास्त्रींच्या जन्मशताब्दीला रोह्यात हजर राहायचं म्हणून जीव टाकत आले होते. 19 ऑक्टोबरला दोघं शाकारलेल्या घरात, दार लोटून बसून राहिले, कारण गर्दीला मनाई.

माझ्या दृष्टीने केस उत्तम पार पडली. दंड नाही, शेरा नाही, अर्ज वेळेत गेल्यामुळे मुदतीबाहेर एक दिवस नाही. तरी ती कोटी माझ्या घशात अडकून आहे. नियमाने मी चुकलो नव्हतो. मुलाकडे जाणं खरंच होतं आणि कुणाच्या घरी बसून बोलायला बंदी नाही. पण दोन माणसं आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघाली ती ज्यासाठी, तेच मी सोयीसाठी गाळलं. फॉर्म वाचता येतो म्हणून मिरवणाऱ्या माझ्यापेक्षा तो रकाना काकूंनी नीट वाचला होता.

या श्रावणात दोघं पुन्हा बाकड्यावर येऊन बसली. व्हिसा जुनाच चालतो, काढायचा होता फक्त विमा. पूर्वीचे आजार त्यात धरत नाहीत, हे मी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. निघताना काकू दारात थांबल्या.

"विमानतळावरच्या साहेबाने विचारलं, कशाला आलात, तर?"

"मुलाकडे आलो म्हणा."

"आणि पुढचं?"

कॉम्प्युटरवर गुरुजींची जन्मतारीख अर्धी टाइप झाली होती.

"पुढचंही सांगा, काकू," मी म्हटलं. "सगळं सांगा."