स्पॅनिश, साखर आणि उशिराचं जेवण

स्पॅनिश शिकायला मी तीन आठवडे स्पेनमधल्या सालामांकात एका कुटुंबात राहिलो. तुम्ही असं जाणार असाल तर आधी जेवणाच्या वेळा विचारा. तिथे दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊ-दहाला. जूनमध्ये सूर्यच दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

निरोगी माणसाला चार दिवसांत सवय होते. मला मात्र मधुमेह आहे, सकाळी ग्लिमेपिराइड असते. ही गोळी घेऊन जेवण लांबलं तर साखर उतरू शकते: घाम, थरथर, गरगरणं. अशा वेळी मराठीसुद्धा धड सुचत नाही, स्पॅनिश कुठून सुचणार? म्हणून पहिल्याच संध्याकाळी घरच्या आजींना पाठ केलेलं वाक्य ऐकवलं, 'सोय दियाबेतिको'. दुसऱ्या दिवसापासून क्लासला निघताना हातात फळ आणि बिस्किटांची पुडी! (नको म्हणायची सोय नव्हती.) तरी खिशात ग्लुकोज हवंच. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गोळीचा डोस मनाने बदलू नका, निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

एकदा आजी म्हणाल्या, "एस्तोय कोन्स्तिपादा." इंग्रजीला सरावलेल्या कानांमुळे मला इसबगोल आठवलं. पण त्यांचं नाक वाहत होतं! स्पेनमध्ये याचा अर्थ सर्दी झालीय. बद्धकोष्ठाला तिथे 'एस्त्रेन्यिमिएन्तो' म्हणतात. हिरव्या क्रॉसच्या औषध दुकानात जाताना हा शब्द कागदावर लिहून नेलेला बरा.