पंप बदलला, तक्रार केली नाही

माझ्या गाडीच्या फ्युएल पंपात दोष आहे हे कंपनीने आधीच मान्य केलं होतं. पंप ती फुकट बदलून देणार होती. तरी मी तो पदरचे पैसे मोजून रस्त्याकडेच्या गॅरेजात बदलून घेतला.

गाडी सेकंडहँड. आरटीओत नाव चढवलं, विमा नावावर करून घेतला आणि काम संपलं असं धरून चालले. कंपनीच्या नोंदीत मात्र पहिल्या मालकांचाच पत्ता आणि मोबाइल नंबर राहिला. रिकॉलचं, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं पत्र त्यांच्याकडे गेलं. गाडी विकून मोकळे झालेल्या माणसाने ते बाजूला ठेवलं. त्यांना मी काय बोलणार? नाव-पत्ता कंपनीला कळवणं माझं काम होतं.

गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरायची, चढावर गचके द्यायची. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, पेट्रोलमध्ये कचरा असेल. सर्व्हिस सेंटरच्या बिलाची धास्ती होती, म्हणून मला ते लगेच पटलं. मग ऐन पावसात आंबा घाट उतरताना इंजिन बंद पडलं. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकला मिळणारा जोर एकदोनदा पॅडल दाबेपर्यंतच पुरतो, हे मला त्या उतारावर कळलं. मागे ट्रक होता. पॅडल सगळा जोर लावून दाबत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. शेजारी आई बसली होती. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाय, गाडी बिघडल्येय हे तुला आधीपासून माहीत होतं ना?"

होतं.

घाटाखाली साखरप्यात पंप बदलला. बिल मागितलं नाही, जुना पंप तिथेच सोडला. पुढे पहिल्या मालकांशी बोलताना पत्राचा विषय निघाला, तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथे समजलं, की पंपाच्या आतलं प्लास्टिकचं चक्र पेट्रोल शोषून फुगतं, बाजूला घासतं आणि पंप अडकतो. त्यांनी पंप पुन्हा बदलला, पैसे घेतले नाहीत. आधीचा खर्च मागावा, तर हातात कागदाचा कपटाही नव्हता.

पण पैशांपेक्षा दुसरी गोष्ट मनाला जास्त लागते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 110-ए हे कलम आलं, 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांमध्ये एकाच दोषाच्या पुरेशा तक्रारी 'वाहन' पोर्टलवर आल्या, तर सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. हे बरंचसं तक्रारींच्या संख्येवर उभं आहे. गॅरेजात गुपचूप बदललेला पंप कुठेच मोजला जात नाही. माझी गाडी गचके देत होती तेव्हा तीच गाडी चालवणारे आणखी कितीतरी लोक घाट उतरत असणार, आणि मी त्यांच्यासाठी एक ओळही लिहिली नाही.

माझ्या गाडीने निदान इशारा तरी दिला. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडलं. एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडाले, माणसं मेली. असा दोष अपघाताच्या क्षणापर्यंत चालवणाऱ्याला जाणवतच नाही. आमची कोकणातली हवा तशीच उष्ण आणि दमट. इथे रिकॉलचं पत्र पोचणं हाच काय तो इशारा.

म्हणून, गाडी जुनी घेतली असेल तर आरसीवरचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला एकदा विचारा, आणि तिथेच आपला मोबाइल नंबर नोंदवा. दुरुस्ती कुठेही करा, पण बिल आणि काढलेला भाग घरी आणा. आणि तक्रार लेखी करा, गाडी दुरुस्त झाली असली तरीही.