नान्सी येथें दोन दिवस

पॅरिस पाहिलें कीं फ्रान्स पाहिला, असें समजून आपले बहुतेक प्रवासी परततात. आम्ही मात्र दोन दिवस राखून पूर्वेकडील नान्सीस गेलों. आगगाडीनें अवघा दीड तास.

पोलंडचें राज्य गमावलेल्या स्तानिस्लास राजास १७३७ मध्यें येथला लोरेन प्रांत हयातीपुरता मिळाला. पण सत्ता नांवाचीच, खरा कारभार त्याचा जांवई फ्रान्सचा पंधरावा लुई याच्या माणसांचा. मग या वृद्धानें करावें काय? त्यानें जांवयाच्या सन्मानार्थ १७५२ ते १७५५ या काळांत भव्य चौक बांधविला. आराखडा एमान्युएल एरे याचा. कोपऱ्यांतील सोनेरी मुलाम्याच्या लोखंडी जाळ्या झां लामूरच्या हातच्या. पुढें क्रांतींत मध्यावरचा लुईचा पुतळा गेला, आणि १८३१ पासून तेथें सासराच उभा आहे!

चौकालगतच्या हॉटेलांतील खोली बरीच महाग पडली. परंतु रात्रीं खिडकींतून दिव्यांच्या उजेडांत त्या जाळ्या झळाळूं लागल्यावर खर्चाची गोष्ट कोणीं काढली नाहीं. मुलांचें लक्ष बर्गामोटच्या सुवासाच्या पिवळ्या, पारदर्शक खडीसाखरेसारख्या वड्यांकडे अधिक. दुसरी सकाळ फर्निचरकार लुई माजोरेल यांच्या १९०२ सालच्या घरासाठीं राखावी. स्थानकापासून तें पायींच गांठतां येतें.