लोटाभर पाणी

2016 च्या उन्हाळ्यात आम्ही लातूरला राहत होतो. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. तिचे फोटो देशभर गेले. आमच्या गल्लीत मात्र टँकर आठ-दहा दिवसांनी येई, तोही रात्री कधीही.

खरे सांगायचे तर त्या दिवसांत आमच्या घरातली नमाज सुटली. एकदम नाही. आधी फजर गेली, कारण रात्र टँकरची वाट पाहण्यात जाई. मग वुजूला पाणी नाही म्हणता म्हणता जोहर आणि असरही गेल्या. पाणी पिण्यापुरतेच असेल तर तयम्मुमची सवलत आहे, हे आम्हाला ठाऊक होते. मातीची टंचाई लातूरला कधीच नव्हती! सबब हवी होती, ती मिळाली. एका रात्री टँकरच्या पाइपावरून शेजारच्या काकूंशी भांडण झाले. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ कधी न चुकलेला तो शेजार. त्या रात्री आमच्या तोंडून नको ते निघाले.

7 जूनला पहिला रोजा होता. आदल्या संध्याकाळी आम्ही अम्मींना म्हणालो, "यंदा आमच्याने होणार नाही."

अम्मी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमच्याने कधी झालं होतं?"

आम्ही गप्प. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. नमाजकडे या, असे मुअज्जिन म्हणतो तेव्हा अम्मी नेहमीप्रमाणे पुटपुटल्या, "ला हौल वला कुव्वत इल्ला बिल्लाह." लहानपणापासून ऐकलेले ते शब्द. पण बोलावणे आले की उत्तरात आधी 'येतो' म्हणायचे नसते, 'अल्लाहशिवाय आमच्यात बळ नाही' असे म्हणायचे असते, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरले. आम्ही इतके दिवस स्वतःतच ताकद शोधत होतो आणि ती सापडत नाही म्हणून बसून होतो.

अम्मींनी एक छोटा लोटा पुढे केला. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे भरलेली एक ओंजळ, आजच्या मापाने लिटरहून कमी. हे वाचले होते. करून कधी पाहिले नव्हते. एका लोट्यात तिघांनी वुजू केले तर शेवटच्याचे पाय कोरडे राहिले. दुसऱ्या दिवशी जमले. खाली परात ठेवत होतो. ते पाणी तुळशीसाठी काकूंकडे जाई. पहिल्यांदा परात घेऊन गेलो तेव्हा दारात उभे राहून शब्द फुटेना. काकूंनीच परात घेतली आणि म्हणाल्या, "रोजा आहे ना, उन्हात उभे राहू नका."

ते तीस रोजे कसे झाले, आम्हाला सांगता येणार नाही. तरावीहला पाय दुखत, झोप येई, दोनदा सहेरी चुकली. तौफीक मिळाली म्हणजे थकवा गेला, असे झाले नाही.

आता आम्ही नांदेडला आहोत. गोदावरी जवळ आहे, नळाला पाणी आहे, आणि फजर पुन्हा अधूनमधून सुटते. लातूरचा लोटा अम्मींनी मोरीत नळाखालीच ठेवला आहे. नळ उघडायचा तर आधी तो बाजूला करावा लागतो.