अर्धा हंस

प्रवासाला निघताना माणूस बरोबर काय घेतो, यावरून त्याची पारख करावी. आमचे भावोजी वही घेतात. तिच्यात पाहायच्या स्थळांची यादी असते, स्थळापुढे सन असतो आणि सनापुढे एक मोकळी चौकट. स्थळ पाहून झाले की चौकटीत बरोबरची खूण पडते आणि भावोजींचा चेहरा खुलतो. ताई गुडघ्यांना चोळायचे तेल आणि स्वतःची उशी घेते. मी क्रोशाची पिशवी घेते.

प्रवासाला क्रोशाइतके सोयीचे हातकाम दुसरे नाही. शिवणाला यंत्र हवे. भरतकामाला चांगला उजेड आणि स्थिर हात हवा. लोकर विणायची तर दोन सुया, आणि शेजारच्या उतारूच्या बरगडीत आपले कोपर. क्रोशाला टोकाशी आकडा असलेली वीतभर सुई आणि दोऱ्याचा एक गुंडा पुरतो. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे लहानसा आकडा. कलेचे नावच हत्याराचे आहे. शिवाय विणकामात सुईवर शेदीडशे टाके एकदम जिवंत असतात, क्रोशात एकच फास. सगळ्या विणीचा जीव त्या एका फासात. तो सुटू नये एवढे जपले की बाकीचे काम कसेही पिशवीत कोंबा.

परवाच्या शनिवार-रविवारी आम्ही तिघे वाईला गेलो, तेव्हा पिशवीत माझे काम नव्हते. आईचे होते.

आई गेल्या माघात गेली. तिच्या ट्रंकेत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक तोरण सापडले. ताईच्या लेकीचे लग्न ठरले त्या वर्षी तिने ते घातले होते. जाळीवर हंसांच्या दोन जोड्या समोरासमोर आणि मधे कलश. असली जाळी विणणे म्हणजे चौकटीच्या कागदावर चित्र काढणे. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब, की एक रिकामे घर झाले. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की घर भरले. भरल्या घरांचा हंस होतो आणि रिकाम्या घरांचे आभाळ. तोरण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाते. आईची पहिली जोडी झाली होती, कलश झाला होता, तिसऱ्या हंसाची शेपूट आणि पाठही झाली होती. मान व्हायची होती. तिथे तिचे हात कापू लागले असावेत. शेवटच्या फासात तिने एक सेफ्टी पिन अडकवून ठेवली होती. पाच वर्षे ट्रंकेत पडून पिनेला गंज चढला होता, पण फास जागचा हलला नव्हता.

आता त्या लेकीने नवे घर घेतले आहे आणि दिवाळीनंतर वास्तुशांत आहे. तोरण पुरे करायचे यावर आमचे दोघींचे एकमत होते. कसे, यावर नव्हते.

"उसव सगळं आणि नव्या दोऱ्यानं पहिल्यापासून कर," ताई म्हणाली. "अर्धं पिवळं, अर्धं पांढरं, असं तोरण पोरीच्या दारावर लावायचं का? येणारे-जाणारे काय म्हणतील?"

तिचे काही खोटे नव्हते. दोरा पिवळा पडला होता, आणि त्याहून मोठी अडचण हाताची होती. आईचा हात घट्ट. तिची दहा घरे माझ्या चार बोटांत मावतात. माझी दहा घरे पाच बोटांच्या पुढे जातात. बारीक सुई घेऊन मी घरी एक तुकडा विणून पाहिला होता. फरक कमी झाला, गेला मात्र नाही. हाताची ओढ ही सहीसारखी असते. खरा क्रोशा बाजारात येतो तो अजून हातानेच केलेला असतो. बाजारात यंत्राची म्हणून जी लेस मिळते ती क्रोशासारखी दिसते इतकेच. उसवायचे म्हटले तर काम दहा मिनिटांचे होते. पिन काढायची आणि दोरा ओढत जायचा. कलश, मग हंस, सगळे सरसर सुटत शेवटी मांडीवर नागमोडी दोऱ्याचा एक ढीग. मला ते करवत नव्हते. पिशवी मी वाईला नेली ती भांडण पुढे ढकलायला.

सुरूर फाट्याला गाडी वळली की हवेतच फरक पडतो. वाई हे स्वस्थ बसायचे गाव आहे. कृष्णा नदीला इथे कृष्णाबाई म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला म्हणावे तसे. भावोजींना स्वस्थता मानवत नाही. ढोल्या गणपती, १७६२, रास्त्यांनी बांधलेला: खूण. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे म्हणून. हे मात्र त्यांनी आम्हाला पाठीमागे नेऊन नीट दाखवले, आणि आभार मानावेत असेच ते दाखवणे होते. काशीविश्वेश्वर, १७५७: खूण. तिथल्या काळ्या दगडाच्या नंदीपाशी ताई बसली ती उठेना. "तुम्ही बघून या हो," ती भावोजींना म्हणाली, "मी ह्याच्याशी बोलते." मीही तिथेच बसून पिशवी उघडली आणि पुन्हा मिटली.

रविवारी सकाळी मेणवली. वाईहून कोसभराचीच वाट. नाना फडणिसांचा वाडा इथे आहे. सहा चौक, लाकडी खांब, भिंतींवर चित्रांचे फिकटलेले रंग. पुण्यात राज्याचा सगळा गुंता एका हाती सांभाळणाऱ्या माणसाने निवाऱ्यासाठी ही जागा निवडली, यात त्याची रसिकता दिसते. नाना कागद जपून ठेवणारे होते. मेणवलीचे दप्तर पुढे द. ब. पारसनिसांसारख्या अभ्यासकाच्या हाती आले, म्हणून मराठेशाहीचा कितीतरी व्यवहार आज आपल्याला कळतो. मला वाड्यात आठवत राहिली ती जिऊबाई. १८०० साली नाना वारले तेव्हा ही त्यांची बायको अजून लहान मुलगी होती. इतिहासाच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात. एवढ्या चौकांतून तिने आपले दिवस कसे काढले असतील, हे कुठल्याच दप्तरात असायचे नाही.

वाड्यामागून पायऱ्या घाटावर उतरतात. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटात हा घाट दिसला, तेव्हापासून तरुण मंडळी तिथे फोटो काढायला येतात. आम्हीही काढले. आणि मग मेणेश्वराच्या देवळाजवळ दगडी छपराखाली टांगलेल्या त्या घंटेपाशी येऊन थांबलो.

घंटा पोर्तुगिजांची आहे. चिमाजीअप्पांनी १७३९च्या मे महिन्यात वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, भीमाशंकरालाही एक आहे, आणि ही मेणवलीची. घंटेवर १७०७ सन आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. भावोजींनी सन वाचला आणि चौकटीत खूण केली. मी आकृतीकडे पाहत राहिले.

मला नवल वाटले ते असे. लढाई जिंकून आणलेली वस्तू. आणणारे कर्मठ, ज्या देवळाशी टांगायची ते शंकराचे. एक लोहार आणि एक कानस, अर्ध्या दिवसात ती आकृती घासून सपाट झाली असती. कुणी ती घासली नाही. त्यांच्या मनात काय होते हे मी कसे सांगणार? कदाचित कुणाला फुरसत झाली नसेल, कदाचित आईच्या कडेवरचे मूल पाहून कानस उचलवली नसेल. आमच्यासमोर एक नऊवारीतली आजी आली, शंकराला जाताजाता तिने घंटेलाही हात जोडले आणि पुढे गेली.

ताई माझ्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आपला क्रोशा तरी कुठला गं? आईला शाळेत मडमेनं शिकवला होता." खरेच होते. आंध्रातल्या नरसापूरला तर एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी शिकवलेल्या क्रोशावर गावेच्या गावे पोट भरू लागली. आपल्याकडे तो आला आणि त्याचे काय झाले? तोरण झाले, देव्हाऱ्याचा पडदा झाला, रेडिओवरचा रुमाल झाला. विलायतेच्या सुईतून आपण हंस आणि कलश काढले.

घाटाच्या सावलीतल्या पायरीवर आम्ही बसलो. खाली बायका धुणी धूत होत्या. मी गंजलेली पिन काढली आणि फास सुईवर घेतला. ताईने उसव म्हटले नाही. नव्या दोऱ्याची गाठ मारून मी पहिला खांब घातला. पांढरा आणि पिवळा यांच्यामध्ये सरळ रेघ दिसू लागली, अगदी हंसाच्या पाठीवर. मी लपवायचा प्रयत्न केला नाही. चहात बुडवून नवा दोरा पिवळा करायची युक्ती मला ठाऊक होती, ती मी केली नाही.

दुपारपर्यंत मान झाली. आईच्या हंसांपेक्षा थोडी जाड आणि सैल, पोटभर जेवलेल्या हंसाची.

"चोच मला दे," ताई एकदम म्हणाली. तिने चाळीस वर्षांत सुई धरली नव्हती. पहिले चार टाके चुकले, तिने ते सोडले, पुन्हा घातले. भावोजी वही मिटून खालच्या पायरीवर बसले होते. निघायची वेळ झाली हे त्यांनी दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा सांगितले नाही. ताईचा हात आईसारखाच घट्ट निघाला. माझ्या सैल मानेला तिची इवलीशी आवळ चोच.

चौथा हंस राहिला आहे. दोरा संपत आल्यामुळे गुरुवारी तुळशीबागेत जायचे ठरले आहे, वीस नंबरचा, पांढरा. आणि लेकीला फोन करून दाराचे माप पुन्हा विचारायला हवे, कारण माझ्या हाताने तोरण आईच्या हिशेबापेक्षा चार बोटे लांब होणार.