डब्याचं झाकण

रात्रीचे साडेअकरा. जेवण होऊन दोन तास झालेत, पोट भरलेलं आहे, तरी पाय स्वयंपाकघराकडे वळलेच. चिवड्याच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडायची कला मी नववीत शिकलो. आता घरात ओरडणारं कुणी नाही, पण हात तसाच जपून फिरतो.

आई पातळ पोह्यांचा चिवडा करायची. पोहे आधी उन्हात, मग मंद आचेवर, नाहीतर आकसतात. पिठीसाखर गॅस बंद केल्यावरच. मी आधी खोबऱ्याचे काप वेचायचो, मग शेंगदाणे. उरलेले कोरडे पोहे बाबांच्या वाट्याला. ते कधी काही बोलले नाहीत.

आता मी जयसिंगपूरचं भडंग आणतो, भरपूर लसणाचं. भूक लागली म्हणून खातो म्हणणं खोटं ठरेल. दुपारी एका ईमेलला उत्तर द्यायचं टाळत होतो, तेवढ्यात अर्धं पाकीट संपलं. वजनकाट्यापेक्षा हे जास्त बोचतं. वाटीत काढूनच खायचं, असं सोमवारी ठरवलं होतं. वाटी अजून फडताळातच आहे.

आज डब्याच्या तळाशी नुसता चुरा आणि दोन जळक्या मिरच्या. चुरा तळहातावर घेतला. मिरच्या ठेवल्या, उद्यासाठी.