दोन रुपयांचा धनादेश

मुलुंड स्टेशनाबाहेरच्या भाजीवाल्या मावशींशी आम्ही वर्षानुवर्षे घासाघीस करीत आलो. फेब्रुवारी 2023 मध्ये त्या सवयीला धक्का बसला. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती आला दोन रुपयांचा धनादेश, आणि तोही पुढल्या तारखेचा! तेवढ्यात आमच्या घरची भजीसुद्धा झाली नसती.

युरोपात 1988 साली हॉलंडमध्ये कॉफीच्या पाकिटांवर ‘मॅक्स हावेलार’ हा रास्त व्यापाराचा शिक्का आला. उत्पादकाला किमान भावाची हमी देणारा. (नाव 1860 च्या एका डच कादंबरीतले, व्यापाऱ्यांनाही कधी साहित्य आठवते.) पण कॉफी थांबू शकते. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने तरी टिकतो, लाल कांदा तेवढीही सवड देत नाही. मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. आणि भाव चढलाच, तर डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली. कुणासाठी? आमच्यासारख्या शहरी गिऱ्हाइकांसाठीच.

आता आम्ही घासाघीस करीत नाही. मावशींना कारण सांगितले, तर त्या हसल्या. “वाशीहून गोणी आणायचा टेम्पो, त्यात निघालेला सडका माल, ते कोण भरणार? तुमचे वरचे पैसे माझ्याकडेच राहतात, ताई. बार्शीला कसे जातील?”

पिशवी उचलून आम्ही घरी आलो.